घडणावळ आणि घट : नागपूर भागातील सोनारीच्या धंद्याचा विचार

नागपूरच्या पूर्वेस कळमना नावाचे जे गाव होते ते आता शहरातच सामावून गेले आहे. कृषि उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार तेथे असल्यामुळे धान्य, मिरची, संत्री यांच्या गाड्या आसपासच्या तालुक्यांतून कळमन्यास येतात आणि मालाचा पैसा घेऊन शेतकरी परततो. घरात लग्न ठरलेले असेल तर परतीची वाट पुष्कळदा इतवारीवरून जाते. इतवारीच्या सराफा ओळीत त्या पैशाचा काही भाग सोन्यात रूपांतरित होतो. पीक आणि दागिना यांचा हा संबंध विदर्भात जुना आहे. चांगल्या सालात सोने घरात यावे, पाऊस ओढला म्हणजे ते गहाण पडावे, आणि पुढे सोडवून मुलीच्या अंगावर चढावे, असा हा फेरा होय. या फेऱ्यात सराफ दिसतो, सावकार दिसतो, गिऱ्हाईक दिसते. दागिना प्रत्यक्ष घडविणारा सोनार मात्र सहसा दिसत नाही. तो ओळीच्या मागच्या बोळात, माडीवरच्या खोलीत, बागेसरीपुढे मान खाली घालून बसलेला असतो.

सोन्याचा इतिहास आणि सोनाराचा इतिहास या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्याची साधने विपुल आहेत, कारण सोने हा राजकोशाचा, व्यापाराचा व चलनाचा विषय आहे. दुसऱ्याचा विचार करताना एक मूलभूत वस्तुस्थिती ध्यानात ठेवावी लागते. मागणीप्रमाणे दागिने घडवून देणाऱ्या लहान सोनाराजवळ स्वतःच्या मालकीचे सोने बहुधा नसतेच. सोने गिऱ्हाइकाचे, नमुना गिऱ्हाइकाच्या मनातला, माप गिऱ्हाइकाच्या मनगटाचे. सोनाराचे ते फक्त श्रम आणि हत्यारे. असे असता ज्या ज्या काळी राज्यसंस्थेने या धंद्याकडे लक्ष वळविले त्या त्या काळी तिची दृष्टी धातूवर खिळली, श्रमावर नव्हे. या दृष्टिदोषाचे परिणाम सोनारास वेळोवेळी भोगावे लागले, आणि विसाव्या शतकात तर एकदा त्याच्या अस्तित्वावरच बेतले.

धंद्याची रीत पाहिल्याशिवाय हे स्पष्ट होणार नाही. गिऱ्हाईक जुना दागिना, म्हणजे मोड, घेऊन येते. तो त्याच्या समक्ष तोलला जातो. जुने माप तोळ्याचे : ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. (दशमान पद्धती रुजल्यानंतर बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची प्रथा पडली, शब्द तोच राहिला आणि आतले दीड ग्रॅमहून अधिक वजन निघून गेले.) मग कसोटीवर घासून सोन्याचा कस पाहावयाचा. दागिना पोकळ असेल तर आत लाख भरलेली असते. ती वजनातून वजा करावयाची. दागिन्याचे सांधे ज्या हलक्या मिश्रणाने जोडलेले असतात त्या डाकाचाही अंदाज घ्यावयाचा, कारण मोड आटविली म्हणजे हा डाक सोन्यातच मिसळतो व एकूण कस उतरतो. दागिना अनेक सांध्यांचा असेल, उदाहरणार्थ बारीक मण्यांची ठुशी, तर ही उतार मोठी असते. साध्या गोठात ती जवळजवळ नसते. गिऱ्हाइकास वाटते की आपण बावनकशी सोने दिले होते. सोनारास ठाऊक असते की मुशीतून निघालेला रवा तसा नाही. तंट्याचे बीज येथेच पडते.

पुढे रवा ठोकून पत्रा करणे, तार ओढणे, कातरणे, टाकणखार लावून फुंकणीच्या ज्योतीवर सांधा जोडणे, कानस मारणे, उजळा देणे या क्रिया होतात. प्रत्येक क्रियेत सोन्याचा काही अंश जातो. कानशीचा कीस बराचसा सापडतो. काही राखेत, काही जमिनीच्या फटीत, काही हाताच्या रेषांत राहतो. यालाच घट किंवा तूट म्हणतात. दुकानाच्या केराला व राखेलादेखील किंमत असते. ती राख विकत घेऊन, धुऊन, तीतून सोन्याचे कण वेगळे करणारा झारेकरी हा मराठी मुलखातला एक स्वतंत्र व्यावसायिक होय. कानशीखाली उडून गेलेल्या कणांवर एका वेगळ्या वर्गाचा चरितार्थ चालावा, यावरून घट ही नुसती सबब नव्हती हे उघड आहे.

तथापि ती सबबही होती. सोनाराच्या उत्पन्नाची उघड बाजू म्हणजे घडणावळ. ती परंपरेने ठरलेली आणि कमी असे. गिऱ्हाईक घडणावळीत घासाघीस करी, पण घटीच्या बाबतीत त्याला सोनाराच्या शब्दावर अवलंबून राहावे लागे. साहजिकच कमी घडणावळीची भरपाई घटीतून करून घेण्याकडे धंद्याचा कल झाला. हा केवळ सोनाराच्या नीतीचा प्रश्न मानणे सोपे आहे, आणि लोकांनी तसेच मानले. सोनार, शिंपी व कुलकर्णी यांची एका माळेत गुंफण करणारी म्हण महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. मध्यप्रांतातील जातिजमातींवरचा रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यातही सोनाराच्या हातचलाखीविषयीची लोकमते नमूद झाली आहेत. परंतु श्रमाचा मोबदला उघडपणे न देता तो धातूच्या हिशेबात दडवावयास लावणारी पद्धत अप्रामाणिकपणाला निमंत्रण देते, एवढे तरी मान्य करावयास हवे. शिंप्याच्या कपड्याच्या चिंध्यांविषयीचा संशयही याच जातीचा आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पेठेतील सौवर्णिकाने नागरिक व जानपद यांचे काम कसे करून द्यावे याचे नियम आहेत. ज्या वजनाचे व ज्या वर्णाचे सोने घेतले त्याच वजनाचे व वर्णाचे परत द्यावे, ठरलेला काळ उलटल्यास वेतनाचा चतुर्थांश कापावा व वर दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. घटीसाठी एका सुवर्णामागे एका काकणीची सूट आहे. सोळा माषांचा एक सुवर्ण आणि पाव माषाची एक काकणी, तेव्हा ही सूट चौसष्टाव्या हिश्शाची झाली. त्याच प्रकरणात सोने लांबविण्याचे पाच उपाय वर्णिले असून खोटा तराजू व अदलाबदल यांचा त्यांत समावेश आहे. याज्ञवल्क्यस्मृतीची भूमिका याहून कडक दिसते. अग्नीत सोन्याचा क्षय होतच नाही असे ती मानते आणि चांदी, तांबे, लोखंड इत्यादींनाच शेकडा काही क्षय मंजूर करते. रसायनाच्या दृष्टीने स्मृतिकाराचे म्हणणे खरे आहे. निव्वळ तापविल्याने सोने कमी होत नाही. पण सोनारकाम म्हणजे निव्वळ तापविणे नव्हे. कौटिल्याने कारखाना पाहिला होता असे त्याच्या चौसष्टाव्या हिश्शावरून वाटते, आणि स्मृतिकाराने मूस तेवढी पाहिली असावी.

मराठी संतपरंपरेत नरहरी सोनाराची कथा सर्वश्रुत आहे. तीतील भक्तिविषयक अर्थ सोडून व्यवहाराकडे पाहिले तर ती मागणीप्रमाणे घडविलेल्या दागिन्याचीच कथा आहे. विठ्ठलासाठी कडदोरा करावयाचा होता; नरहरी शैव असल्यामुळे देवळात जाईना. गिऱ्हाइकाने माप आणून दिले. कडदोरा एकदा लांब झाला, एकदा आखूड झाला. अखेर डोळे बांधून नरहरीस स्वतः माप घ्यावे लागले. दुसऱ्याच्या हातून आलेल्या मापावर काम करण्यातली अडचण परंपरेने इतक्या अचूकपणे टिपली आहे की, कथा रचणाऱ्यास सोनाराच्या दुकानाची ओळख असली पाहिजे.

गावगाड्यात सोनाराचे स्थान काहीसे संदिग्ध होते. बलुत्यांच्या काही याद्यांत तो येतो, काहींत अलुत्यांत जातो. दागिने घडविणे हे गावाचे नित्याचे काम नव्हते. कुळवाड्याच्या घरी वर्षातून एखादा डाग झाला तरी पुष्कळ. गावाला सोनाराची गरज होती ती नाणी पारखण्यासाठी. अनेक टांकसाळींची, अनेक कसांची नाणी एकाच वेळी चालत असताना सारावसुलीचा रुपया खरा की खोटा, पुरा की झिजलेला, हे सांगणारा पोतदार आवश्यक होता व हे काम सोनाराकडे असे. म्हणजे ज्याच्यावर गाव चोरीचा संशय घेई त्याच्याच शब्दावर सरकारी वसुलीचा विश्वास होता. या विसंगतीचे आश्चर्य गावाला वाटत नसे. इंग्रजी अमलात एकाच छापाचा रुपया सर्वत्र चालू झाला आणि पोतदारीचे प्रयोजन संपले. त्यानंतर सोनाराजवळ घडणावळ आणि घट एवढेच उरले.

नागपुरात या धंद्याला राजाश्रय होता. अठराव्या शतकात पहिल्या रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी केल्यापासून दरबार, सरदार व देवस्थाने यांच्या मागणीवर जडावकाम करणारे कारागीर पोसले जात. मोठ्या घरी सोनारास वाड्यावर बोलावून, घरच्या माणसांच्या नजरेखाली काम करवून घेण्याची रीत होती. सोने वाड्याबाहेर जातच नसे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निवर्तले व पुढील वर्षी संस्थान खालसा झाले. राजवाड्यातील जवाहीर कलकत्त्यास पाठवून विकण्यात आले. त्या लिलावाची हकीकत राजकीय अन्यायाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. सोनारीच्या इतिहासात तिचा अर्थ असा की, शहरातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. पुढच्या काळात त्याची जागा हळूहळू दुसऱ्या गिऱ्हाइकाने घेतली. १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपुरास पोचली, कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकविणारा शेतकरी, अडत्या, नोकरदार अशी लहान लहान गिऱ्हाइके वाढली. रत्नजडित शिरपेचाऐवजी डोरले, एकदाणी, पाटल्या, गोठ हा कामाचा मुख्य भाग झाला. जडावाचे कसब यात मागे पडले असेल, परंतु धंद्याचा पाया रुंदावला.

असा हा धंदा चालू असता १९६२ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले आणि परकीय चलनाची चणचण एकदम तीव्र झाली. सोन्याचा भारतातील भाव त्यावेळी आंतरराष्ट्रीय अधिकृत भावाच्या सुमारे दुप्पट होता. अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे तोळ्यास ६२.५० रुपये पडत असे. या तफावतीमुळे चोरट्या आयातीला ऊत आला होता व त्या वाटेने परकीय चलन बाहेर जात होते. नोव्हेंबरात सुवर्णरोखे निघाले. त्यानंतर ९ जानेवारी १९६३ रोजी, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले. त्यांतील सर्वांत दूरगामी नियम असा : १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचा नवा दागिना कोणी घडवू नये.

सरकारचा तर्क समजण्यासारखा होता. शुद्ध सोन्याचा दागिना हा दागिन्याच्या रूपातील साठाच असतो. शुद्धता उतरविली तर साठ्याची ओढ कमी होईल, मागणी घटेल, भाव उतरेल, चोरटी आयात थांबेल. कागदावर ही साखळी बिनतोड दिसते. प्रत्यक्षात तिचे पहिलेच कडे निखळले. २२ कॅरटमध्ये सोन्याचा अंश शेकडा ९१.७ असतो, १४ कॅरटमध्ये ५८.३. बावनकशीच्या जुन्या मापाने मोजले तर हे जेमतेम ३० कसाचे सोने ठरेल. असा दागिना स्त्रीधन म्हणून कोण घेणार? अडीअडचणीला मोडता येईल हीच ज्या वस्तूची मुख्य महती, तिची मोडच जर अर्ध्यावर आली तर गिऱ्हाइकाने ती घडवून घेण्याचे कारण उरत नाही. गिऱ्हाईक सोन्याकडून वळले नाही. ते फक्त कायदेशीर सोनाराकडून वळले.

तांत्रिक बाजू याहून गंभीर होती व तिची चर्चा त्या मानाने कमी झाली. हातकामाची सर्व परंपरा उच्च शुद्धतेच्या मऊ सोन्यावर उभी आहे. ठोकताना पसरणारे, केसासारखी तार होणारे, कोंदणात नुसत्या दाबाने बसणारे असे ते सोने असते. १४ कॅरटचे मिश्रण कठीण असते. ठोकताना ते लवकर ताठरते व पुन्हापुन्हा तापवावे लागते, तापविताना काळवंडते, त्याच्या सांध्यांस निराळा डाक लागतो, रंगही निराळा येतो. पाश्चात्य देशांत असे दागिने होतात, पण तेथे त्याजोगी यंत्रे, ठसे व शिक्षण आहे. वीट, चिमटा आणि फुंकणी घेऊन बसणाऱ्या माणसास एका रात्रीत नवा धातू हाती देण्यात आला.

परिणाम लवकर दिसू लागला. देशभर सोनारांची कामे बंद पडली. उपासमारीच्या व आत्महत्यांच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागल्या, संसदेत प्रश्न झाले, मोर्चे निघाले. सरकारने सोनारांस कर्जे, त्यांच्या मुलांस शैक्षणिक सवलती, अन्य धंद्यांचे शिक्षण अशा योजना केल्या. त्या निष्फळ होत्या असे नाही. परंतु वयाची चाळिशी उलटलेल्या व एकच कसब असलेल्या माणसास दुसरा धंदा शिकविणे हे योजनेत लिहिण्याइतके सोपे नसते. ज्यांच्याजवळ सोन्याचा साठा होता त्या सराफांनी काळ कसाबसा रेटला. ज्याच्याजवळ साठा कधीच नव्हता त्या सोनारावर साठेबाजीविरुद्धच्या कायद्याचा पहिला आघात झाला.

१९६३ च्या अखेरीस, मोरारजींनी पद सोडल्यानंतर व टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना, एक महत्त्वाची सवलत मिळाली. स्वतःच्या हाताने काम करणाऱ्या सोनारास, गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या दागिन्यातून, १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचा दागिना पुन्हा घडवून देण्याची मुभा देण्यात आली. मोड आणून नवा डाग घडविणे ही या धंद्याची मूळ रीतच या सवलतीने कायद्यात शिरली. गिऱ्हाइकाचे सोने, सोनाराचे श्रम हे नाते कित्येक महिन्यांच्या हालांनंतर सरकारला दिसले. १४ कॅरटची मर्यादा मात्र १९६६ मध्ये उठली.

नियंत्रण गेले नाही. १९६८ मध्ये सुवर्ण (नियंत्रण) अधिनियम संमत झाला. त्यावेळी मोरारजी देसाईच पुन्हा अर्थमंत्री होते. व्यक्तीजवळ २००० ग्रॅमपेक्षा व कुटुंबाजवळ ४००० ग्रॅमपेक्षा अधिक दागिने असल्यास ते जाहीर करणे भाग पडले. लगड किंवा वळे अशा प्राथमिक स्वरूपातील सोने सामान्य माणसास बाळगता येईना. सोनारास प्रमाणपत्र घ्यावे लागे, त्याच्या साठ्यावर ग्रॅमांत मर्यादा होती आणि हिशेबाच्या वह्या ठेवणे बंधनकारक होते. आजवर तोंडी चाललेला धंदा वहीत आला हे एका परीने बरेच झाले. पण वही लिहिण्याची सवय, कारकून आणि वकील ज्याच्याजवळ होते तो सराफ या व्यवस्थेत टिकला; एकट्या सोनाराने त्याच्याकडून काम घेणे अधिक सुरक्षित मानले. मागणीप्रमाणे काम करणाऱ्या स्वतंत्र कारागिराचे सराफाच्या मजुरात जे रूपांतर झाले त्यास या २२ वर्षांनी मोठा हातभार लावला. ते रूपांतर केवळ कायद्याने झाले असे मात्र म्हणता येणार नाही. शहरी गिऱ्हाइकाला तयार दागिना पाहून घेण्याची आवड लागली होती, हेही त्याचे एक कारण होय.

या अधिनियमाविरुद्धच्या खटल्यांत एक प्रश्न उपस्थित झाला तो इतिहासकारास विशेष उद्बोधक वाटावा. सोनारकाम हा 'उद्योग' आहे काय? अर्जदारांचे म्हणणे असे की, ते वैयक्तिक कौशल्याचे हस्तकाम आहे, उद्योग नव्हे. म्हणून केंद्रास या विषयावर कायदा करण्याचा अधिकारच नाही. हरकचंद रतनचंद बांठिया यांच्या खटल्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य केला व व्यापारासाठी पद्धतशीर उत्पादन होत असल्याने हा उद्योगच ठरतो असा निर्णय दिला. अधिनियमाची काही कलमे मात्र अवाजवी निर्बंध म्हणून रद्द केली. घटनात्मक अधिकाराच्या दृष्टीने निर्णय सुसंगत आहे. तरीही एका मनगटाच्या मापाने एकदाच घडणाऱ्या पाटलीला उद्योगाचे उत्पादन म्हणावे काय, ही शंका कायद्याच्या बाहेर शिल्लक राहतेच.

१९९० मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री असताना हा अधिनियम रद्द झाला. सोनारास वही व प्रमाणपत्र यांतून मुक्तता मिळाली, पण तोपर्यंत बाजार बदलला होता. साच्यातून ओतलेले व यंत्रावर विणलेले दागिने आले. मोठ्या पेढ्यांच्या शाखा निघाल्या. इतवारीच्या माड्यांवर पश्चिम बंगालमधून आलेले कारागीर मोठ्या संख्येने काम करू लागले; नक्षीच्या बारीक कामात त्यांचा हात सरस मानला जातो. पेढीच्या बिलात घट व घडणावळ आता एकत्र, सोन्याच्या किंमतीवर शेकडा अमुक अशी लावली जाते. म्हणजे सोन्याचा भाव चढला की घडणावळही चढते. ही वाढ बागेसरीपर्यंत पोचतेच असे नाही, कारण कारागिराची मजुरी पेढी वेगळ्या बोलीने ठरविते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा सोन्यावर ३ टक्के आणि गिऱ्हाइकाच्या सोन्यावर केलेल्या मजुरीकामावर ५ टक्के असे दर ठरले. धातूपेक्षा श्रमावर अधिक दर, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

शुद्धतेची जबाबदारीही कसोटीच्या दगडावरून प्रयोगशाळेकडे गेली. भारतीय मानक ब्यूरोची सोन्याच्या दागिन्यांवर छाप मारण्याची योजना २००० साली ऐच्छिक म्हणून निघाली व १६ जून २०२१ पासून पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली. मान्य शुद्धतांमध्ये १४ कॅरटही आहे. १९६३ साली लादलेला हा कस आता गिऱ्हाइकाच्या निवडीचा भाग म्हणून निमूटपणे परत आला. वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असणाऱ्या व्यावसायिकास, २ ग्रॅमपेक्षा हलक्या डागास आणि कुंदन, पोलकी व जडाव कामास या सक्तीतून सूट देण्यात आली. छापेत ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक व सहा अक्षरअंकांची ओळख असते. घडविणाऱ्याची खूण नसते. सूट मिळालेल्या लहान सोनाराकडे मुख्यतः दुरुस्तीची कामे येतात. डोरल्याचा तुटलेला सांधा, नथीचा निसटलेला मोती, बाळाच्या वाळ्यांचे माप वाढविणे, आणि अधूनमधून आजीच्या गोठाची मोड आटवून नातीसाठी नवा डाग. अशा वेळी तोल अजूनही गिऱ्हाइकाच्या समक्ष होतो, आणि घट किती धरावयाची हे बोलणे घडणावळीच्या आधी होते.